श्रीलंकेला कोणत्या महिन्यात जावे?

आपल्या मंडळात ज्येष्ठांच्या सहलीचा विषय निघाला की श्रीलंकेचे नाव हमखास येते. देश जवळचा, विमानप्रवास थोडा, घड्याळ बदलावे लागत नाही, जेवणात भात-आमटी मिळते, आणि सीतेच्या मंदिरापासून बौद्ध स्तूपांपर्यंत पाहण्यासारखे पुष्कळ आहे. मग लगेच प्रश्न येतो, "पण जायचे कधी?" बहुतेक जण "डिसेंबर ते मार्च" असे उत्तर देऊन मोकळे होतात. हे उत्तर चुकीचे नाही, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे माहीत नसल्यामुळे पैसे खर्च करून पावसात हॉटेलच्या खोलीत बसण्याची वेळ येते.

ती वेळ आमच्यावर आलेली आहे. नोकरीत असताना आम्ही एका प्रवासी कंपनीबरोबर दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, श्रीलंकेला गेलो. माहितीपत्रकात "वर्षभर आल्हाददायक हवामान" असे छापले होते. सात दिवसांपैकी पाच दिवस दुपारनंतर पाऊस होता. डोंगरावर धुक्यापलीकडे काही दिसले नाही. देवमासे पाहायची बोट रद्द झाली आणि तिचे पैसे परत मिळाले नाहीत. दोष कंपनीचा होता तसा माझाही होता. कर्जाचा अर्ज आला तर मी त्यातला प्रत्येक आकडा तपासत असे, पण स्वतःच्या सहलीसाठी पावसाचा तक्ता उघडून पाहिला नव्हता. निवृत्तीनंतर फेब्रुवारीअखेरीस पुन्हा गेलो, तेव्हा तोच देश निराळा दिसला. पुढची माहिती या दोन्ही अनुभवांनंतर नीट जुळवून लिहिली आहे.

थोडक्यात उत्तर

श्रीलंकेत संपूर्ण देशासाठी उत्तम असा एकच हंगाम नाही. एका किनाऱ्यावर पाऊस आणि खवळलेला समुद्र असतो तेव्हा दुसऱ्या किनाऱ्यावर बहुधा ऊन असते. म्हणून महिना आधी ठरला असेल तर त्यावरून भाग निवडावा, आणि भाग आधी ठरला असेल तर त्यावरून महिना निवडावा. ढोबळ नियम असा:

• पश्चिम आणि दक्षिण किनारा (कोलंबो, बेंतोटा, गॉल, मिरिस्सा): डिसेंबर ते मार्च.
• पूर्व किनारा (त्रिंकोमाली, निलावेली, पासिकुडा, अरुगम बे): मे ते सप्टेंबर.
• डोंगराळ भाग (कँडी, नुवारा एलिया): जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्च.
• प्राचीन नगरे (अनुराधापूर, पोलोन्नरुव, सिगिरिया): फेब्रुवारी-मार्च, किंवा ऊन सोसत असेल तर जून ते सप्टेंबर.
• कुठल्याही भागासाठी जपून: ऑक्टोबरचा मध्य ते डिसेंबरचा आरंभ.

एकाच देशात दोन पावसाळे का?

आपल्या माळव्यात मृगापासून हस्तापर्यंत एकच पावसाळा असतो. बाकीचे आठ महिने आकाश मोकळे. श्रीलंकेचे तसे नाही. हे बेट विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण ६ ते १० अंशांच्या दरम्यान आहे. क्षेत्रफळ सुमारे ६५,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे मध्य प्रदेशाच्या पाव भागाहूनही कमी. पण या बेटाच्या दक्षिणेकडील मध्यभागी उंच डोंगर आहेत. सर्वांत उंच शिखर पिदुरुतलागला हे २,५२४ मीटर उंच आहे. पावसाची सगळी वाटणी हे डोंगर करतात.

मे ते सप्टेंबर या काळात वारा नैऋत्येकडून येतो. हाच वारा पुढे केरळ आणि कोकणात जातो. श्रीलंकेत तो साधारण मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पोचतो. डोंगराच्या पश्चिम उतारावर तो आपटतो आणि तिथेच रिकामा होतो. डोंगर ओलांडून पूर्वेकडे उतरताना तोच वारा कोरडा आणि गरम होतो. त्रिंकोमाली-बट्टिकलोआकडे या वाऱ्याला 'कच्चान' म्हणतात. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्म्याहून कमी, वाईला आणखी कमी, हे आपण ऐकून आहोत. प्रकार तोच आहे.

डिसेंबर ते फेब्रुवारी वारा उलटा, ईशान्येकडून, बंगालच्या उपसागरावरून येतो. आता पूर्व आणि उत्तर भाग भिजतो आणि पश्चिम किनारा आडोशाला राहतो. तमिळनाडूला पाऊस देणारे वारे ते हेच.

या दोन पावसाळ्यांच्या मध्ये दोन संधिकाळ आहेत. पहिला मार्च-एप्रिलचा. यात सकाळ स्वच्छ असते आणि दुपारनंतर गडगडाटासह वळीव पडतो. दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. यात वळवाच्या जोडीला बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे आणि कधी कधी चक्रीवादळे येतात. त्यामुळे या काळात पाऊस एका बाजूचा राहत नाही, जवळजवळ सगळ्या बेटावर पडतो.

तिथल्या शेतीचे गणितही याच चक्रावर बसवलेले आहे. ईशान्य पावसावरच्या मोठ्या भातपिकाला 'महा' आणि नैऋत्य पावसाच्या काळातल्या पिकाला 'यल' म्हणतात. कोरड्या भागातल्या राजांनी एका हंगामाचे पाणी दुसऱ्या हंगामासाठी साठवायला शेकडो तलाव बांधले. पोलोन्नरुवचा विस्तीर्ण 'पराक्रम समुद्र' हा बाराव्या शतकातल्या पहिल्या पराक्रमबाहू राजाच्या नावाने ओळखला जातो. पश्चिम किनाऱ्यावरचे कित्येक मच्छीमार नैऋत्य वारे सुरू झाले की जाळी-होड्या घेऊन पूर्व आणि उत्तर किनाऱ्यावर जातात आणि वारा फिरला की घरी परततात. पर्यटकाने करायचे ते याहून वेगळे नाही.

आकडे काय सांगतात?

तोंडी वर्णनापेक्षा आकडे बरे. खाली कोलंबो (पश्चिम किनारा) आणि त्रिंकोमाली (पूर्व किनारा) येथील दर महिन्याचा सरासरी पाऊस मिलिमीटरमध्ये दिला आहे. आकडे १९६१ ते १९९० या तीस वर्षांच्या सरासरीचे असून जवळच्या पूर्ण आकड्यावर आणले आहेत.

जानेवारी: कोलंबो ६०, त्रिंकोमाली १३०
फेब्रुवारी: कोलंबो ७०, त्रिंकोमाली १००
मार्च: कोलंबो १३०, त्रिंकोमाली ५५
एप्रिल: कोलंबो २४५, त्रिंकोमाली ५०
मे: कोलंबो ३९०, त्रिंकोमाली ५०
जून: कोलंबो १८५, त्रिंकोमाली २५
जुलै: कोलंबो १२०, त्रिंकोमाली ७०
ऑगस्ट: कोलंबो १२०, त्रिंकोमाली ९०
सप्टेंबर: कोलंबो २४५, त्रिंकोमाली १०५
ऑक्टोबर: कोलंबो ३६५, त्रिंकोमाली २१५
नोव्हेंबर: कोलंबो ४१५, त्रिंकोमाली ३३५
डिसेंबर: कोलंबो १७५, त्रिंकोमाली ३४०

वर्षाची बेरीज कोलंबोत सुमारे २,५२० आणि त्रिंकोमालीत सुमारे १,५६५ येते. इंदूरला वर्षभरात हजाराच्या आतबाहेर पडतो, हे तुलनेसाठी ध्यानात ठेवावे. या तक्त्यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली: कोलंबोचा सर्वांत ओला महिना जून किंवा जुलै नाही, तर नोव्हेंबर आहे. मे त्याच्या खालोखाल. मोसमी पावसाचे महिने म्हणून बदनाम असलेल्या जुलै-ऑगस्टमध्ये तिथे मार्चइतकाच पाऊस असतो.

दुसरी: पाऊस आणि समुद्र हे दोन वेगळे हिशेब आहेत. जुलैत कोलंबोला पाऊस कमी असला तरी नैऋत्य वाऱ्याने पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावरचा समुद्र खवळलेला असतो. गॉलचा किल्ला पाहायला अडचण नाही, पाण्यात उतरायला आहे. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून कोळी पुन्हा होड्या लोटतात, पण श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्र खऱ्या अर्थाने शांत व्हायला नोव्हेंबर-डिसेंबर उजाडतो. लाल बावटा लागलेल्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यातसुद्धा जाऊ नये. ओढ वरून दिसत नाही.

तिसरी: ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये दोन्ही रकाने भरलेले आहेत. म्हणजे एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर पळण्याची सोय याच काळात उरत नाही. आणि नेमकी हीच आपली दिवाळीची सुट्टी.

भागवार माहिती

पश्चिम आणि दक्षिण किनारा. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत हवा कोरडी, समुद्र निळा आणि शांत असतो. मिरिस्साहून देवमासे पाहायला बोटी जातात त्या साधारण डिसेंबर ते एप्रिल. निळा देवमासा हा पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी दिसण्याची चांगली शक्यता असलेल्या मोजक्या ठिकाणांपैकी हे एक आहे. बोटीत मळमळते, मोसम योग्य असला तरी गोळी घेऊन आणि हलके खाऊन निघावे. मेच्या उत्तरार्धात या भागात आणि रत्नपुरा, कळुतरा, केगल्ल या आतल्या जिल्ह्यांत अतिवृष्टी होते. २०१६ आणि २०१७ अशा लागोपाठ दोन वर्षी मे महिन्यात तिथे पूर आणि दरडींनी मोठी मनुष्यहानी झाली.

डोंगराळ भाग. नुवारा एलिया सुमारे १,८७० मीटर उंचीवर आहे. वर्षभराचे सरासरी तापमान १६ अंशांच्या आसपास. जानेवारी-फेब्रुवारीच्या पहाटे कधी कधी दहिवर गोठते. स्वेटर आणि कानटोपी बरोबर हवीच. "समुद्राजवळचा देश, थंडी कसली" म्हणून आम्ही फसलो. या भागाला दोन्ही मोसमांचा पाऊस मिळतो, म्हणून कोरडा काळ आखूड आहे. जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचे दिवस सर्वांत भरवशाचे. हॉर्टन प्लेन्सवरच्या 'वर्ल्ड्स एन्ड' या कड्यावरून खालचे दृश्य पाहायचे तर कोणत्याही महिन्यात सकाळी नऊच्या आत पोचावे. नंतर ढग वर चढतात आणि समोर पांढरा पडदा उरतो. नुवारा एलियाजवळच सीता एलिया येथे सीतामातेचे मंदिर आणि थोडे पुढे हकगला उद्यान आहे, त्याला लोक अशोकवनाशी जोडतात.

कँडीहून नुवारा एलियाच्या बाजूने एल्ला-बदुल्लाकडे जाणारी रेल्वे चहाच्या मळ्यांतून जाते. ती अनेकांच्या यादीत पहिली असते. एक लक्षात घ्यावे: एल्ला आणि बदुल्ला डोंगराच्या पूर्व उतारावर आहेत, त्यामुळे त्यांचा ओला काळ ऑक्टोबर ते जानेवारी. जून ते ऑगस्टमध्ये नुवारा एलियाला रिपरिप चालू असताना एल्लाला ऊन असू शकते. पावसात दरडी पडून हा लोहमार्ग बंद पडतो. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी गाडी पूर्ण मार्गावर धावते आहे ना, याची खात्री करावी.

श्रीपाद. सिंहली बौद्ध, हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे चौघेही ज्याला पवित्र मानतात असा हा २,२४३ मीटर उंचीचा डोंगर. यात्रेचा काळ डिसेंबरच्या पौर्णिमेपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत. या काळात पायऱ्यांवर रात्रभर दिवे आणि वाटेत चहाची दुकाने असतात. एरवी दिवे नसतात, वारा-पाऊस असतो, आणि माणसांची सोबतही नसते. साठीच्या पुढच्यांनी यात्राकाळाबाहेर हा डोंगर चढू नये.

प्राचीन नगरे. अनुराधापूर, पोलोन्नरुव, दंबुल्ला, सिगिरिया हा सगळा कोरडा प्रदेश. पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारी. फेब्रुवारी-मार्चमध्ये तळी भरलेली, झाडी हिरवी आणि ऊन सोसण्याजोगे असते. जून ते सप्टेंबरमध्ये पाऊस जवळजवळ नसतो, पण ऊन कडक आणि वारा जोराचा. सिगिरियाच्या सुमारे १,२०० पायऱ्या सकाळी दार उघडताच चढायला घ्याव्यात. स्तूपांच्या आवारात चपला काढाव्या लागतात आणि दुपारी फरशी भाजते, म्हणून जाड पायमोजे ठेवावेत.

पूर्व किनारा. एप्रिलपासून समुद्र निवळतो आणि सप्टेंबरपर्यंत शांत असतो. निलावेली आणि पासिकुडाचे पाणी उथळ, लहान मुलांना आणि आपल्यासारख्यांना सोयीचे. त्रिंकोमालीच्या कड्यावरचे कोणेश्वर हे शंकराचे प्राचीन स्थान. ऑक्टोबर ते जानेवारीत इकडे फिरकू नये; पुष्कळ लहान हॉटेले तेव्हा बंदच असतात.

उत्तर. जाफन्याला जानेवारीअखेर ते मार्च हवा चांगली. नंतर उकाडा वाढतो. नल्लूरच्या कंदस्वामी मंदिराचा पंचवीस दिवसांचा उत्सव जुलै-ऑगस्टच्या सुमारास असतो. त्यासाठी उकाडा सोसणारे पुष्कळ आहेत. तमिळनाडूतील नागपट्टिनमहून जाफन्याजवळच्या कांकेसंतुरैला २०२३ पासून प्रवासी बोट सुरू झाली आहे, पण ईशान्य मोसमात हवामानामुळे ती बंद ठेवावी लागते. तिच्या भरवशावर परतीचे तिकीट काढू नये.

वन्य प्राणी. मिन्नेरियाच्या तलावाचे पाणी जुलैपासून आटू लागते, काठावर कोवळे गवत उगवते आणि आजूबाजूच्या रानांतले हत्ती तिथे जमतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एका जागी शंभराहून जास्त हत्ती दिसू शकतात. यालाचे बिबटे पाहायला फेब्रुवारी ते जुलै चांगला. सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत यालाचा मुख्य भाग अनेक वर्षी बंद ठेवतात. उडवालावेला हत्ती बारा महिने दिसतात.

आपल्या सुट्ट्या आणि तिथली हवा

दिवाळी (ऑक्टोबर-नोव्हेंबर). शक्य असेल तर टाळावी. चक्रीवादळांचा काळही हाच. डिसेंबर १९६४ मध्ये धनुष्कोडी बुडवणारे वादळ श्रीलंकेच्या उत्तर भागावरून आले होते. नोव्हेंबर १९७८ मध्ये बट्टिकलोआ उद्ध्वस्त झाले. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस 'दित्वा' वादळाने डोंगराळ भागात दरडी कोसळून शेकडो माणसे गेली. दरवर्षी असे होत नाही, पण घरची मुले-म्हातारी बरोबर असताना हा धोका जमेस धरावा. जावेच लागले तर सकाळी फिरणे आणि दुपारी छपराखालची ठिकाणे, जसे कोलंबोचे संग्रहालय, दंबुल्लाची लेणी, कँडीचे दंतमंदिर, असा बेत करावा. हातात एक मोकळा दिवस ठेवावा.

नाताळ. पश्चिम-दक्षिण किनारा उत्तम, पण दर सर्वांत चढे. पूर्व आणि उत्तर ओले. प्राचीन नगरांतही पाऊस असू शकतो.

संक्रांत ते होळी. संपूर्ण फेरी करायची असेल तर हाच काळ. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा आणि मार्चचा पहिला पंधरवडा यांत समुद्र, डोंगर आणि प्राचीन नगरे तिन्ही साधतात. बँकेत असताना मार्चअखेरीमुळे या दिवसांत रजा मागण्याची सोय नव्हती, आणि मुलांच्या परीक्षाही याच वेळी. निवृत्तांना आता दोन्ही अडचणी नाहीत. हा फायदा घ्यावा.

उन्हाळी सुट्टी (एप्रिलअखेर-मे). नातवंडांबरोबर जायचे तर पूर्व किनारा धरावा. मेच्या मध्यानंतर पश्चिमेकडे समुद्रासाठी जाऊ नये. उकाड्याबद्दल एक सांगतो. इंदूरला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, पण सावलीत बरे वाटते आणि रात्री वारा सुटतो. कोलंबोत पारा ३१-३२ च्या वर क्वचित जातो, पण दमट हवेमुळे सावलीतही घाम गळतो आणि रात्री सुटका नाही. आकडा कमी दिसला म्हणून फसू नये. मीठ-साखर-पाणी जवळ ठेवावे.

जून ते ऑगस्ट. ज्यांना शाळेचे बंधन नाही त्यांच्यासाठी दुसरा चांगला काळ. अनुराधापूर, पोलोन्नरुव, मिन्नेरिया, त्रिंकोमाली असा उत्तर-पूर्वेचा बेत आखावा.

पौर्णिमा पाहूनच बेत करा

श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सुट्टी असते, तिला 'पोया' म्हणतात. त्या दिवशी मद्यविक्री बंद असते, बरीच दुकाने-कचेऱ्या बंद असतात आणि देवळांत गर्दी असते. आपले पंचांग जवळ असेल तर हे सण सहज ओळखता येतात. अधिक मासाच्या वर्षी तेवढे तिथले दिनदर्शक पाहावे.

वैशाखी पौर्णिमा म्हणजे वेसाक. रस्तोरस्ती कागदी कंदील आणि ठिकठिकाणी येणाऱ्याजाणाऱ्याला मोफत जेवण. १९५० साली मे महिन्यात श्रीलंकेत भरलेल्या जागतिक बौद्ध परिषदेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेले होते. बौद्ध बांधवांच्या सहली या सुमारास निघतात त्या कँडी-अनुराधापूरकडे.

ज्येष्ठ पौर्णिमा म्हणजे पोसोन. सम्राट अशोकाचा पुत्र महेंद्र याने मिहिंतले येथे धम्म आणला तो हा दिवस. 'महावंस' या पाली ग्रंथानुसार महेंद्राची आई विदिशेची आणि त्याचा जन्म उज्जैनचा, म्हणजे आपल्या माळव्यातला. जून महिन्यात आपल्याकडे पाऊस सुरू होतो तेव्हा मिहिंतले-अनुराधापूर कोरडे असते. माळव्यातल्या माणसाने एकदा तरी या पौर्णिमेला तिथे जावे असे मला वाटते.

श्रावणी पौर्णिमेच्या आधीच्या दहा रात्री कँडीला एसल पेराहेरा, म्हणजे दंतधातूची हत्तींवरून मिरवणूक, असते. साधारण जुलैअखेर-ऑगस्ट. खोल्या काही महिने आधी घ्याव्या लागतात आणि दर दुप्पट-तिप्पट होतात.

१३-१४ एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्ष. कोलंबो ओस पडते, दुकाने बंद, गाड्या भरलेल्या, आणि नुवारा एलियाला तुफान गर्दी. हा आठवडा पर्यटकाच्या सोयीचा नाही.

पैसे भरण्यापूर्वी

१. कार्यक्रमपत्रिकेतल्या प्रत्येक मुक्कामासमोर तो महिना लिहून वरचा तक्ता ताडून पाहावा. एकाच सहलीत डिसेंबरमध्ये त्रिंकोमाली किंवा जुलैत मिरिस्साची बोट दिसली तर कारण विचारावे.

२. हवामानामुळे बोट, सफारी किंवा रेल्वे रद्द झाली तर पैसे परत मिळणार का, हे लेखी घ्यावे. "बघू" हे उत्तर म्हणजे नकार समजावा.

३. मोसमाबाहेर दर कमी असतात ते कशामुळे, हे समजून सवलत घ्यावी. जुलैत गॉलला स्वस्त खोली घेऊन फक्त किल्ला पाहायचा असेल तर तो फायद्याचा व्यवहार. पोहायचे असेल तर तोट्याचा.

४. प्रवास विमा घेताना वय, जुने आजार आणि नैसर्गिक आपत्तीची कलमे वाचावीत.

५. व्हिसाचे नियम बदलत असतात. ते श्रीलंका सरकारच्या संकेतस्थळावरच पाहावेत.

६. डेंग्यूचा जोर दोन्ही पावसांच्या मागोमाग वाढतो. डास पळवणारे मलम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे प्रत्येक महिन्यात जवळ हवेत.

सरासरी ही सरासरीच असते. फेब्रुवारीतही एखादा दिवस पावसाचा निघतो आणि नोव्हेंबरातही एखादा आठवडा स्वच्छ जातो. पण बँकेत आम्ही कर्ज देताना बहुतेक वेळा काय घडते ते पाहत असू, एखाद्याचे नशीब पाहत नसू. सहलीचा महिना ठरवतानाही तेच करावे. आयुष्यभराच्या बचतीतून परदेशी जाणे बहुतेकांना एक-दोनदाच जमते. तेव्हा तिकिटाआधी पावसाचा तक्ता उघडावा, म्हणजे आमच्यासारखे दुसऱ्यांदा जावे लागणार नाही. आणि आवडीने दुसऱ्यांदा गेलात, तर यावेळी समोरचा किनारा धरा.